ईशान्य कोपऱ्यातला नळ

माझ्या फोनवर दोन गावांचं हवामान एकाखाली एक दिसतं. वर हैदराबाद, खाली लेकीचं गाव. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात वर एकोणतीस होतं आणि खाली उणे अठरा. सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी मी ते बघायची. आमचे हे म्हणायचे, "काय बघायलीस सारखं? तू बघून तिकडं गरम होणार आहे का?" होणार नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण काळजी करायला मला कुणाची परवानगी लागत नाही आणि एरवी कारणही फारसं लागत नाही. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते मी स्वतःच्या हातांनी तयार केलेलं होतं.

लेक आणि जावई कॅनडात असतात, मधल्या सपाट मुलखात, जिथे वारा अडवायला डोंगर नाही आणि हिवाळा एकदा आला की पाच-सहा महिने हलत नाही. बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधायला घेतलं. तेही साधंसुधं नाही, वीज अगदी कमी खाणारं. हातभर जाड भिंती, भिंतींच्या पोटात कापसासारखं काहीतरी गच्च भरलेलं, खिडक्यांना तीन-तीन काचा, वाऱ्याला शिरायला सुईएवढंही भोक नाही. जावई पुण्याचे, कॉम्प्युटरमधले. नव्या फोनबद्दल बोलावं तसं ते त्या घराबद्दल बोलायचे. "आई, बाहेर उणे तीस असू दे, आत आपण बनियनवर फिरायचं." मला घर आवडलं होतं. फक्त नकाशा आल्यावर माझी नजर आधी कोपऱ्यातल्या उत्तरेच्या बाणावर गेली आणि तिथून सगळं सुरू झालं.

हे सांगायला मला लाज वाटते, कारण मी गणिताची बाई. चिक्कडपल्लीच्या एका शाळेत एकतीस वर्षं मुलींना सांगत आले की सिद्ध झाल्याशिवाय काही मान्य करायचं नाही. माझं माहेरही पुण्याचं, तिथे दिशा फक्त पत्ता सांगताना लागायच्या. पण हैदराबादेत चाळीस वर्षं काढल्यावर माणूस कोरडा राहत नाही. इथे फ्लॅट बघायला गेलं की आधी विचारतात, ईस्ट फेसिंग आहे का, आणि मग विचारतात खोल्या किती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटी तर पत्रिका जुळवावी तशी घराची दिशा जुळवतात. बरकतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सिंक नैऋत्येला आहे. आंटींनी ते पहिल्याच भेटीत सांगितलं. तेव्हापासून आमच्यावर जे जे आलं, ह्यांचं ब्लडप्रेशर, माझे गुडघे, त्या सगळ्याचा दोष मी मनातल्या मनात त्या सिंकला देत आले. लेकीला तिकडे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तेही मी त्या सिंकच्याच माथी मारलं. तोंडाने कधी बोलले नाही. पण तिचं नवं घर होतंय म्हटल्यावर ठरवून टाकलं की या घरात तरी असं काही राहू द्यायचं नाही.

नकाशा आंटींना दाखवला तर त्या डोळे मिटून म्हणाल्या, "ईशान्यंलो नीळ्ळु उंडालि." पाणी ईशान्येला असायला हवं. नकाशात सिंक घराच्या मधल्या भिंतीला होतं. मी लेकीला फोन लावला.

"सिंक ईशान्येच्या कोपऱ्यात घ्या."

"आई, तिथे दोन्ही बाजूंना बाहेरच्या भिंती आहेत."

"मग उलट चांगलं. खिडकी येईल, भांडी घासताना उजेड येईल."

"उजेडाचं नाही गं. आर्किटेक्ट नको म्हणतोय."

"बरं. तुमचं घर आहे, तुम्ही बघा."

हे शेवटचं वाक्य म्हणजे माझं हत्यार. ते एकदा काढलं की पुढचे तीन दिवस मी फोनवर फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारते. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "हो आई. ईशान्येला घेते." तेवढ्यावर थांबेन तर ती मी कसली. तिकडे हल्ली घरात प्लॅस्टिकचे पाइप घालतात म्हणे. मी म्हटलं, स्वयंपाकघरात तरी तांबं असू द्या, तांब्यातलं पाणी अंगी लागतं. त्यालाही ती "हो आई" म्हणाली.

लहानपणापासून ती अशीच. डबा संपवलास? हो आई. फ्रॉक आवडला? हो आई. कॉमर्स नको, सायन्स घे. हो आई. स्टाफरूममध्ये बाकीच्या बाया आपापल्या पोरींच्या उलट उत्तरांनी बेजार झालेल्या असायच्या, तेव्हा मी वह्या तपासत गप्प बसायची आणि मनातून फुगायची. इतकी गुणी मुलगी कशी घडवली असं एकीने विचारलं होतं, तेव्हा मी काहीतरी उत्तरही दिलं होतं. काय दिलं ते आता आठवत नाही, आणि नाही आठवत तेच बरं.

ऑक्टोबरात तिने फोटो पाठवला. उभ्या लाकडी खांबांच्या मधून दोन तांब्याचे पाइप वर आलेले, नवेकोरे, चकचकीत. खाली लिहिलं होतं, 'हा घे तुझा ईशान्य कोपरा.' मी तो आंटींना दाखवला तर त्यांनी फोनलाच हात जोडले. मी त्या दिवशी शिरा केला.

ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. या शहराच्या कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय ते अजूनही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण घरातल्या गोष्टींत ह्यांना विचारायची पद्धत मी कधी पडूच दिली नाही. त्यामुळे तो फोटो ह्यांनी नीट बघितला तो थेट नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चष्मा सापडल्यावर. आदल्या दिवशीच जावयांनी कळवलं होतं की येत्या शुक्रवारी माणसं येऊन भिंतींत तो कापूस भरणार, वरून बोर्ड ठोकणार, आणि भिंती कायमच्या बंद होणार.

ह्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"ही भिंत आतली का बाहेरची?"

"बाहेरची. ईशान्य आहे ना ती."

"हौ का," हे म्हणाले आणि गप्प बसले.

हे गप्प बसले की मला घाम फुटतो. एरवी पेपरातल्या जाहिरातीवरही अर्धा तास बोलणारा माणूस आहे हा. मी म्हटलं, "काय ते बोला."

"बोलायचं काय त्यात. पाणी गोठलं की फुगतं. पाइपात फुगायला जागा नसते. मग पाइप फाटतो."

"घर उबदार आहे. आत बनियनवर फिरणार आहेत ते."

"तेच सांगायलोय. जुन्या घराच्या भिंतीतनं गरमी गळते, मग पाइपाला तेवढी तरी मिळते. ह्या घरात गरमी भिंतीत शिरणारच नाही. कापसाच्या आतल्या अंगाला जो बसला त्याला ऊब, बाहेरच्या अंगाला जो राहिला तो गेला थंडीत. हा पाइप बघ कुठं आहे. बाहेरच्या फळीला चिकटलाय. कापूस भरणार तो ह्याच्या पुढं."

मी फोटो बघितला. महिनाभर मी तो फोटो बघत होते, पण तांबं चमकतंय एवढंच मला दिसलं होतं.

"ईशान्येला पाणी म्हणतात ते काय उगीच का?" मी म्हटलं. आवाज माझाच मला पडलेला वाटला.

"इथं ईशान्येकडनं सकाळचं ऊन येतं. तिथं काय येतं? वारा." मग माझा चेहरा बघून हे जरा नरमले. "माझं किती ऐकायलीस तू. जन्मभर पाइप टाकलो, पण ते उन्हातले. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंग भाजतं, ते मला ठाऊक. बर्फाचं मला काय कळतंय."

पण कळत होतं, त्यांनाही आणि मलाही. जानेवारीत लेक-जावई पाच आठवड्यांसाठी आमच्याकडे येणार होते. म्हणजे घराला कुलूप. ऐन थंडीत पाच आठवडे तो कोपरा, तो वारा आणि भिंतीच्या आत ते पाणी. पाइप फाटला तरी कळणार नाही. पाणी गोठलेलं आहे तोवर ते गळतही नाही, असं ह्यांनीच सांगितलं. ऊन लागलं, बर्फ वितळला, की मग वाहायला लागणार, आणि घरात बघायला कुणी नाही.

मी त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. नाही उचलला. रविवार गेला, सोमवार गेला. एक तर फरशीच्या रंगावरून मी तीनदा मत बदललं होतं, तेव्हा लेक एवढंच म्हणाली होती, "आई, आता शेवटचं सांग आणि मग बदलू नकोस, प्लीज." तिचं ते प्लीज मला लागलं होतं. दुसरं कारण जास्त खरं आहे. माझं चुकलं, असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नव्हतं. फळ्यावर गणित चुकलं तर मी वळून मुलींना म्हणायची, 'बघत होते, कुणाच्या लक्षात येतंय.'

म्हणून मी आडून आडून विचारत राहिले. आमची सकाळ ती तिची संध्याकाळ. कामावरून सुटल्यावर ती अर्ध्या बांधलेल्या घरात जाऊन यायची आणि तिथूनच व्हिडिओ लावायची. टोपी, मफलर, नाकाचा शेंडा लाल.

"नळाचं काम नीट झालं ना गं?"

"हो आई."

"प्लंबर काही म्हणाला नाही ना? कोपऱ्याबद्दल?"

ती जरा थांबली. "नाही. काय म्हणणार?"

"मला एकदा तो कोपरा दाखव ना."

"तिथे फळ्यांचा ढीग लावलाय गं, दिसायचं नाही. हा जिना बघ, काल झाला."

मी जिना बघितला. छान झालाय म्हटलं. फोन ठेवल्यावर तो लाकडाचा होता की लोखंडाचा तेही मला सांगता आलं नसतं.

मंगळवारी दुपारी मी नको तो उद्योग केला. फोनवर फुटलेल्या पाइपांचे व्हिडिओ बघत बसले. एका घरात छतातून धो धो पाणी पडत होतं आणि त्या घरची बाई एक बादली घेऊन खाली उभी होती. एका बादलीने काय होणार होतं तिचं. थोड्या वेळाने त्या बाईच्या जागी मला लेक दिसायला लागली. फुगलेली लाकडं, ओला झालेला तो सगळा कापूस, भिंतींवर बुरशी. मग मन जिथे जायला नको तिथे गेलं. तिला पुन्हा दिवस राहिले आणि ती त्या ओल्या फरशीवरून घसरली तर? ज्या कोपऱ्याने तिचं भलं व्हावं म्हणून मी हटून बसले होते, तो कोपराच मी तिच्या वाटेत आणून ठेवला होता.

"काही होत नाही," मी ह्यांना म्हटलं. "तांबं मजबूत असतं."

"बघायचं का?" हे म्हणाले.

अफझलगंजला ह्यांच्या ओळखीचं एक दुकान आहे, फ्रिज आणि एसीचे सुटे भाग विकणारं. त्याच संध्याकाळी आम्ही ऑटोने गेलो. ह्यांनी वीतभर तांब्याचा पाइप मागितला, एक टोक गॅसवर बंद करून, दुसऱ्याला घट्ट बसणारी पितळी टोपी.

"इत्ते से टुकडे का क्या करते साब?" दुकानदाराने विचारलं.

"पानी भरके फ्रिज में रखता."

"कायकू?"

"घर में दिखाना है," हे म्हणाले. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी येऊन ह्यांनी पाइप काठोकाठ भरला, पान्याने टोपी आवळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी ठेवला. मी देवापुढे दिवा लावला आणि मागितलं ते एवढंच, की तो फाटू नये. एवढा साधा प्रयोग खोटा ठरावा म्हणून गणिताच्या बाईने हात जोडले होते.

सकाळी हे उठायच्या आधी मी फ्रिज उघडला. टोपी जागच्या जागी होती. दुसरं टोकही बंदच होतं. पण मधोमध पाइप फुगला होता आणि त्या फुगवट्यावर लांबट चीर पडली होती, शिजलेली शेवग्याची शेंग उकलते तशी, आणि चिरेतून बर्फाची पांढरी कड बाहेर आली होती. मी तो हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. बोटं बधिर झाली तरी खाली ठेवायचं सुचलं नाही. पेलाभरसुद्धा नव्हतं ते पाणी. हे येऊन मागे उभे राहिले. जिंकल्यासारखं एक अक्षर बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. माझ्या हातातून पाइप घेऊन त्यांनी सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाले, "फोन लाव. तीन दिवस आहेत अजून."

लेक गाडीत होती. मी म्हटलं, "गाडी बाजूला घे."

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ऐक. तो ईशान्येचा पाइप काढ तिथून. मधल्या भिंतीला घे, आधी नकाशात होता तिथे. प्लंबरला उद्याच बोलव, शुक्रवारच्या आत. भिंत बंद करू देऊ नकोस." मग श्वास घेऊन म्हटलं, "माझं चुकलं."

पलीकडे गाडी थांबल्याचं ऐकू आलं.

"आई," ती म्हणाली, "तो काढलाय."

"काय?"

"केव्हाच काढलाय. तुला फोटो पाठवला त्याच्या पुढच्याच आठवड्यात. प्लंबरने आम्ही म्हटलं म्हणून टाकला होता, पण नगरपालिकेकडून बांधकाम तपासायला आलेला माणूस चालणार नाही म्हणाला. खरं तर मलाही माहीत होतं. आता सगळे पाइप आतल्या भिंतींत आहेत. बाहेरच्या भिंतीत पाण्याचा थेंब नाही. अंगणातल्या नळालासुद्धा आतून चावी आहे, थंडीआधी बंद करून त्यातलं पाणी काढून टाकायचं. येताना आम्ही घराचं पाणीच बंद करून येणार आहोत."

जिवात जीव आला. खरं सांगते, आधी फक्त तेवढंच झालं. मी खुर्ची ओढून बसले आणि ह्यांना हाताने खूण केली की सगळं ठीक आहे. मग मागोमाग राग आला.

"आणि मला सांगितलं नाहीस? चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"तू इकडे येशील तेव्हा सांगणार होते. त्या कोपऱ्यात तांब्याचा कलश ठेवणार होते, पाणी भरून. तेवढ्यानेही चालतं असं वाचलं होतं."

"आणि फळ्यांचा ढीग?"

"ढीग नव्हता," ती हळूच म्हणाली.

"अगं, नाही म्हणता येत नव्हतं का तुला? खाल्लं असतं का मी?"

गाडीचा हीटर घरघरत होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "तू ते कशासाठी म्हणत होतीस मला माहीत होतं, आई. दोनदा तसं झालं, त्यानंतर तू एकदाही त्यावर बोलली नाहीस. पण मला कळत होतं. मग नाही कसं म्हणू?"

मला वाटत होतं, ते मी पोटात ठेवलंय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवायचा मी प्रयत्नही केला नाही. मला फ्रॉक आठवला. सायन्स आठवलं. संपवून घरी आणलेले इतक्या वर्षांचे डबे आठवले. त्यातलं खरं किती होतं हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. सिंकमध्ये त्या फाटलेल्या पाइपातला बर्फ वितळायला लागला होता आणि पाणी थेंब थेंब गळत होतं.

"तो कलश भरून ठेवू नकोस," मी नाक पुसत म्हटलं. "तुम्ही इकडे असाल, मागे गोठेल."

"घराच्या आत नाही गोठत गं."

"तरी रिकामाच ठेव. आणि ऐक. यापुढे माझं पटलं नाही तर तोंडावर नाही म्हणत जा. मला वाईट वाटलं तरी चालेल. कळलं?"

"हो आई," ती म्हणाली.